नॉरईस्टर येतोय? इंच नंतर, आधी भरतीची वेळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून आल्यानंतरचा पहिलाच हिवाळा. घर न्यू जर्सीत युनियन बीचला, रॅरिटन बेपासून चार गल्ल्या आत, भाड्याचं आणि तळमजल्यावर. घरात दोन वर्षांची मुलगी. आज बुधवार, आणि फोनवरचं ॲप नॉरईस्टरमुळे, म्हणजे किनारा धरून येणाऱ्या हिवाळी वादळामुळे, शनिवार रात्र ते रविवारसाठी १८ इंच बर्फ दाखवतंय. काल तेच ॲप ६ दाखवत होतं. सासू-सासरे रविवारी संध्याकाळी नेवार्कला उतरणार. कशावर विश्वास ठेवायचा आणि काय तयारी करायची?

मी मूळचा हर्णैचा. इथे मॉनमाउथ काउंटीतल्या एका किनारी गावाच्या आपत्कालीन विभागात वीसेक वर्षं काढली. बर्फ उपसणाऱ्या गाड्या कधी बाहेर काढायच्या, कोणते रस्ते कधी बंद करायचे, हेच काम. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि ते बर्फापासून सुरू होणार नाही. तुमच्या पत्त्याला बर्फ हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला पाण्याचा, आणि त्याच्याइतकाच विजेचा.

आधी ॲपचं. तो १८चा आकडा बहुतेक वेळा संगणकावर अंदाज काढणाऱ्या एकाच मॉडेलच्या एकाच फेरीतून थेट उचललेला असतो, मधे कुणा माणसाची नजर गेलेली नसते. अमेरिकन मॉडेल दिवसातून चार वेळा धावतं आणि दर फेरीला आकडा हलतो. ६चे १८ झाले म्हणजे वादळ तिप्पट झालं असं नाही; कागदावरचा मार्ग शंभरेक किलोमीटर सरकला, इतकंच. शिवाय ज्या हवेतून हे वादळ जन्मणार ती चार दिवस आधी अजून पॅसिफिकवर असते. तिथे उपग्रह आहेत, पण हवामानाचे फुगे जवळजवळ नाहीत. ती लाट पश्चिम किनाऱ्यावर आली की सकाळ-संध्याकाळच्या फुग्यांच्या जाळ्यात सापडते आणि मॉडेलं जरा शहाण्यासारखी बोलू लागतात. तुमच्या बाबतीत हे गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी सकाळी होईल. तोवर एकेका फेरीचा नकाशा बघून रक्तदाब वाढवू नका. ते नकाशे पसरवणाऱ्यांना नेहमी सगळ्यात भयंकर फेरीच सापडते.

त्याऐवजी दोन गोष्टी वाचा. एक, राष्ट्रीय हवामान सेवेच्या माउंट हॉली कार्यालयाची ‘फोरकास्ट डिस्कशन’. तुमची काउंटी त्यांच्याकडे येते. अंदाज लिहिणारा माणूस तिथे आपली शंका मोकळेपणाने मांडतो: अमुक मॉडेल का पटत नाही, पाऊस आणि बर्फाची सीमा कुठे पडेल. भाषा जरा रुक्ष आहे, पण दोन-तीन वेळा वाचलं की सवय होते. दुसरं, त्यांचाच शक्यतेचा नकाशा: कमीत कमी किती, अपेक्षित किती, जास्तीत जास्त किती. कमाल आकडा म्हणजे दहात एक शक्यता. किमान ३ आणि कमाल २० असेल तर तो अंदाज ‘अजून माहीत नाही’ असंच सांगतोय, आणि ते ऐकून घ्यायला हवं.

एवढं अनिश्चित का, हे एकदा समजलं की पुढचे सगळे हिवाळे सोपे जातात. हिवाळ्यात इथे जमिनीवर कॅनडातून आलेली गोठलेली हवा असते आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहाचं कोमट पाणी. या दोघांच्या सीमेवर कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि किनारा धरून ईशान्येला सरकतं. आपल्या बाजूला त्याचं वारं ईशान्येकडून येतं, म्हणून नाव नॉरईस्टर. कधी हे क्षेत्र थेट मेक्सिकोच्या आखातातून चालत येतं, तर कधी ओहायोच्या बाजूला एक मरतं आणि किनाऱ्यावर दुसरं उभं राहतं. दुसऱ्या प्रकारात अंदाज जास्त फसतात, कारण नवं केंद्र नक्की कुठे आणि किती वाजता उभं राहील यावर सगळा खेळ असतो. दाब चोवीस तासांत २४ मिलिबार पडला की त्याला ‘बॉम्ब’ म्हणतात. आपल्या अक्षांशावर १८च्या आसपासही पुरतात. शब्द वर्तमानपत्री वाटतो, पण हवामानशास्त्रातलाच आहे.

अंदाजकर्ते नकाशावर एक खूण धरतात: ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम, नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला भर समुद्रात. केंद्र तिथून गेलं तर न्यूयॉर्क-बॉस्टन पट्ट्यात भरपूर बर्फ. आत, किनाऱ्याला घासून गेलं तर समुद्रावरची उबदार हवा घुसते आणि आपल्याकडे पाऊस. बाहेरून गेलं तर ढगाळ रविवार. पण खुणेइतकंच उत्तरेकडेही बघा. क्यूबेकवर उच्च दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलंय का? ते असेल तर थंड हवेचा पुरवठा चालू राहतो. ते समुद्रात निघून गेलेलं असेल तर मार्ग कितीही सुंदर असो, युनियन बीचला दोन इंच चिखल आणि पाऊस. माझ्या अनुभवात बे-किनाऱ्यावरचे निम्मेअधिक ‘मोठे बर्फ’ असेच विरघळलेत, आणि त्याच वेळी तीसेक मैल आत लोक गुडघाभर बर्फात असतात.

२०१५च्या जानेवारीतली २६-२७ तारीख आमच्या धंद्यात कुणी विसरत नाही. न्यूयॉर्कला दोन-तीन फुटांचा अंदाज होता. राज्याच्या गव्हर्नरने शहराची भुयारी रेल्वेसुद्धा बंद केली, जी बर्फासाठी कधीच बंद झाली नव्हती. सेंट्रल पार्कमध्ये पडला ९.८ इंच. वादळ थोडं पूर्वेला सरकलं होतं. पण लाँग आयलंडवर आयस्लिपला जवळजवळ २५ इंच पडला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरला ३४.५. म्हणजे वादळ खरं होतं, कड चुकली. माउंट हॉलीच्या तेव्हाच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. मला ती माफी आवडली होती, पण गरज नव्हती असंही वाटलं. त्या रात्री आमच्या गावात आम्ही मिठाच्या गाड्या भरून बसलो होतो आणि सकाळी झाडूने काम भागलं. लोकांनी वर्षभर टोमणे मारले. पुढच्याच जानेवारीत सेंट्रल पार्कला २७.५ इंच पडला, नोंदीतला सगळ्यात मोठा, तेव्हा टोमणे थांबले.

आता पाणी, म्हणजे मुख्य भाग. तुम्ही पुण्याचे, त्यामुळे उधाण आणि भांग हे शब्द कानावर असतील-नसतील. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला कोकणात उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या मवाळ भरतीला भांग. आमच्याकडे लहान पोरालाही हिशेब यायचा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. इथे आल्यावर मी तोच हिशेब वापरून बघितला आणि सपशेल आपटलो. मग लक्षात आलं की सँडी हूकला, म्हणजे तुमच्या बेच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या पट्टीवर, अमावस्येची भरती बाराच्या सुमारास नाही, आठच्या सुमारास लागते, सकाळी आणि रात्री. म्हणून पाऊणपटीत आठ मिळवायचे. हा माझा घरगुती ठोकताळा. खरी वेळ सँडी हूकच्या भरती-केंद्राच्या पानावरच बघा. या रविवारी अमावस्या आहे. म्हणजे वारं कितीही असो, पाणी आधीच उधाणाचं, आणि ते सकाळी आठ आणि रात्री आठच्या आसपास चढणार.

सँडी हूकला रोजची वरची भरती त्यांच्या मोजपट्टीवर साधारण ५.२ फूट असते. ६.७ला सखल रस्त्यांवर पाणी येऊ लागतं, ७.७ला मध्यम पूर धरतात, ८.७ला मोठा. म्हणजे नेहमीची भरती आणि तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आलेलं पाणी यांत दीड फुटाचा फरक, आणि दीड फूट ही ईशान्येच्या वाऱ्याला किरकोळ गोष्ट आहे. न्यू जर्सी आणि लाँग आयलंड मिळून जो काटकोन होतो, त्याच्या कोपऱ्यात तुमचा बे आहे. ईशान्येचं वारं त्या कोपऱ्यात पाणी कोंबतं. २०१२च्या सँडी चक्रीवादळात सँडी हूकचं मोजयंत्र बंद पडण्यापूर्वी सरासरी वरच्या भरतीच्याही ८ फूट वर गेलं होतं. युनियन बीचचं काय झालं ते शेजाऱ्यांना विचारा. पाणी कुठवर आलं होतं हे ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. ते नॉरईस्टर नव्हतं, पण पाण्याची वाट तीच.

चक्रीवादळ आणि नॉरईस्टर यांत एक मोठा फरक आहे आणि तो लोक विसरतात. चक्रीवादळ बहुधा एका भरतीत येऊन जातं. नॉरईस्टर रेंगाळतो. १९६२च्या मार्चमधलं ६ ते ८ तारखेचं वादळ सलग पाच भरत्या या किनाऱ्यावर बसून होतं, तेही अमावस्येच्या उधाणात. एका भरतीचं पाणी उतरायच्या आत दुसरी. लाँग बीच आयलंड ठिकठिकाणी फुटलं आणि मॉन्सन नावाची विनाशिका तिथल्या वाळूवर येऊन बसली. बॉस्टनला १९७८च्या फेब्रुवारीतल्या वादळाचा भरतीचा विक्रम ४ जानेवारी २०१८ला मोडला, १५.१६ फूट. तेही हिवाळी वादळच, आणि तेव्हाही बातम्यांत आधी बर्फाचेच आकडे होते.

म्हणून तुम्ही विचारायचा प्रश्न ‘किती इंच’ हा नाही. सगळ्यात जोराचं वारं किती वाजता, आणि भरती किती वाजता? दोन्ही सहा तासांच्या अंतराने आले तर रस्ता ओला होईल. रविवारी सकाळी आठला एकत्र आले तर गाडी वाचवायची वेळ शनिवारी संध्याकाळीच होती. ओहोटीलाही पाणी उतरत नसेल तर पुढच्या भरतीची धास्ती धरा. ती खरी खूण आहे.

वादळ आलं की खिडकीतून बघायची एक युक्ती. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला असतं. ईशान्येचं वारं पाठीवर घेतलं की तोंड नैऋत्येला, डावा हात आग्नेयेला, म्हणजे वादळ समुद्रात आग्नेयेला आहे. आता दर तासाला वाऱ्याची दिशा लिहा. ईशान्येकडून उत्तरेला आणि मग वायव्येला वळत गेलं, तर केंद्र तुमच्या पूर्वेने निघून चाललंय: बर्फ टिकेल, आणि वायव्येचं वारं बेमधलं पाणी बाहेर ढकलू लागेल. उलट पूर्वेला, मग आग्नेयेला वळलं तर केंद्र आत शिरतंय; थोड्याच वेळात खिडकीवर टपटप पाऊस ऐकू येईल. ज्या दिवशी मॉडेलं भांडत होती त्या दिवशी या युक्तीने मला ॲपच्या दोन तास आधी उत्तर दिलंय. आणखी पक्कं हवं असेल तर न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरचा ४४०६५ क्रमांकाचा बोया, म्हणजे समुद्रात तरंगणारं मोजयंत्र, ऑनलाइन बघा. वारं, लाटा, दाब, सगळं तासातासाला मिळतं.

सूचनांचे शब्द एकदा समजून घ्या. ‘वॉच’ म्हणजे शक्यता आहे, सामान आणून ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे येतंयच किंवा आलंय. ‘ॲडव्हायझरी’ त्याहून सौम्य. ‘ब्लिझर्ड’ला बर्फाच्या इंचांशी देणंघेणं नाही: ताशी ३५ मैलांचं वारं किंवा वारंवार झोत आणि पाव मैलाच्या आत आलेली दृश्यता, सलग तीन तास. सहा इंचातही ब्लिझर्ड होतं. किनाऱ्यावरच्या पुराची सूचना वेगळी निघते, आणि ॲपं तिला तळाशी गाडतात. तुमच्यासाठी तीच पहिली.

तयारीत दूध-ब्रेड-अंड्यांची इथली धावपळ हा निव्वळ विधी आहे. ऑफिसातल्यांना धावू द्या. तुम्ही वीज दोन दिवस नाही असं धरून चाला. २०११च्या ऑक्टोबरअखेर झाडांवर पानं असतानाच बर्फ पडला आणि ईशान्येत तीस लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले. २०१८च्या मार्चमध्ये तीन आठवड्यांत चार नॉरईस्टर आले. पहिल्याने झाडं खिळखिळी केली, दुसऱ्याच्या ओल्या बर्फाने ती तारांवर पाडली. २०२०च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ने आमच्या दापोली-हर्णै पट्ट्यात नारळी-पोफळी आडव्या केल्या तेव्हाही लोकांना पाण्यावाऱ्यापेक्षा नंतरच्या अंधारानेच जास्त छळलं. झाड आणि तार यांचं नातं सगळीकडे सारखंच.

नवीन माणसाला इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. ‘आमचं हीटिंग गॅसवर आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा, पंखा आणि नियंत्रण विजेवर चालतं. वीज गेली की गॅस असूनही घर गार. एक छोटी खोली ठरवा, सगळ्यांनी तिथेच झोपायचं, दाराखाली चादर कोंबायची. गॅसच्या शेगडीचे वरचे बर्नर बहुतेक ठिकाणी काडीने पेटतात, पिठलं-भात होईल. पण उबेसाठी ते पेटते ठेवू नका. कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात, गॅरेजात, अर्धवट उघड्या दारातही नको. शेजाऱ्याकडे जनरेटर असेल तर तो तुमच्या खिडकीपासून निदान वीस फूट लांब आहे ना, हे न लाजता बघा.

अशा जळण्यातून साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूबद्दल मी जरा जास्त बोलतो, कारण २०१०च्या २६ डिसेंबरच्या ब्लिझर्डमध्ये मी स्वतःच गाढवपणा केला. दोन दिवस गाव साफ करत फिरत होतो आणि माझ्या घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर येणारा फर्नेसच्या धुराचा पांढरा पाइप वाऱ्याने साचलेल्या बर्फाखाली गेलेला. पहाटे अलार्म वाजला म्हणून आम्ही सगळे पायमोज्यांनिशी बाहेर आलो. पुढच्याच उन्हाळ्यात तो पाइप उंच करून घेतला. तुम्ही आजच घराभोवती चक्कर मारा, तुमचा पाइप कुठून बाहेर येतो ते बघा आणि वादळात दर चार-पाच तासांनी तिथला बर्फ हाताने काढा. डिटेक्टरमध्ये नवी बॅटरी. गाडीचंही तेच: आधी मागचं धुराडं मोकळं करायचं, मग इंजिन सुरू. २०१६च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्याच पसेइकला नवरा बाहेर बर्फ काढत होता, गाडीत उबेला बसलेली आई आणि बाळ याच कारणाने गेले.

तळमजल्यावर आहात म्हणून पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं, लॅपटॉप, एक्स्टेंशनच्या पट्ट्या जमिनीवरून उचलून वरच्या कप्प्यात ठेवा. शनिवारी दुपारीच गाडी वरच्या बाजूला, बेपासून लांब नेऊन लावा. रस्त्यावर उभं पाणी खारं असतं, आणि रात्री ते गोठलं की चाकं रस्त्याला चिकटून बसतात. इलेक्ट्रिक गाडी असेल तर पूर्ण चार्ज करा, पण खाऱ्या पाण्यात अजिबात उभी करू नका. बुडालेल्या बॅटऱ्या नंतर पेट घेऊ शकतात. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते घरमालकाकडून आजच समजून घ्या, आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या नळाची धार वादळानंतरच्या रात्री बारीक चालू ठेवा. वादळ गेल्यावर आकाश निवळतं आणि खरी थंडी तेव्हा पडते. फ्रीज बंद ठेवला तर चार तास चालतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस. मुलीचं औषध, डायपर, टॉर्च, पॉवर बँक. बाकी ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून भाजणी आणून ठेवलीत आणि शनिवारी थालिपिठं लावलीत की झालं.

बर्फ उपसणं हा व्यायाम नाही. वीस फूट रुंद, पन्नास फूट लांब ड्राइव्हवेवर एक फूट सामान्य बर्फ म्हणजे पावणेतीन टनांच्या वर. ओला असेल तर दुप्पटही होतो. दर चार इंचांनी बाहेर जा, फावडं अर्धंच भरा, फेकण्यापेक्षा ढकला. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी हात लावू नये, आणि सासऱ्यांना हौस आली तरी फावडं हातात देऊ नका. खडे मीठ उणे सात-आठ सेल्सिअसच्या खाली फारसं काम करत नाही. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड घ्या. निघताना गाडीच्या छतावरचा बर्फही काढा. न्यू जर्सीत तो कायदा आहे, आणि हायवेवर मागच्याच्या काचेवर ती लादी कशी येते ते एकदा पाहिलं की कायद्याची गरज उरत नाही. घरासमोर लाल हायड्रंट, म्हणजे अग्निशमनाचा नळ, असेल तर त्याच्याभोवती तीन फूट जागा मोकळी करा.

आता सासू-सासऱ्यांचं. शुक्रवारी सकाळपर्यंत थांबा. मोठं वादळ दिसत असेल तर विमान कंपन्या एक-दोन दिवस आधी विनाशुल्क तारीख बदलायची मुभा जाहीर करतात. ती जाहीर झाल्या क्षणी मंगळवार घ्या. सोमवार नको, कारण रविवारी अडकलेले सगळे सोमवारीच घुसतात. दोघांच्या रोजच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या, आणि त्या हातातल्या बॅगेत ठेवायला आजच सांगा. रविवारीच निघायचा हट्ट धरला तर सांगा, नेवार्क उघडा असेलही, पण रात्री आठला युनियन बीचच्या रस्त्यावर भरती असेल आणि त्यांना आणायला तुमची गाडी बाहेर पडणार नाही.